पाण्याबाहेर अंडी घालणारा मासा खरोखर असतो का?

होय, असतो. दक्षिण अमेरिकेतील गयाना आणि ॲमेझॉनच्या खालच्या खोऱ्यातील संथ ओढ्यांत राहणारा स्प्लॅश टेट्रा (शास्त्रीय नाव कोपेला अर्नोल्डी) हा जेमतेम बोटाएवढा मासा पाण्यावर झुकलेल्या पानांच्या खालच्या बाजूला अंडी घालतो. नावात टेट्रा असले तरी टेट्रा या छोट्या माशांच्या नेहमीच्या कुळापेक्षा त्याचे कुळ वेगळे, लेबियासिनिडी, आहे.

नर आणि मादी अंगाला अंग लावून एकाच वेळी उसळी घेतात, ओल्या पानाला काही क्षण चिकटून राहतात, तेवढ्यात मादी मोजकी अंडी घालते, नर ती फलित करतो आणि दोघेही पाण्यात पडतात. अशा अनेक उड्यांनंतर पानावर शंभराहून अधिक अंडी जमतात. मादीचे काम तेथे संपते. मला सर्वांत विलक्षण वाटते ती नराची पुढची राखण: अंडी सुकू नयेत म्हणून तो थोड्या थोड्या वेळाने पानाखाली येऊन शेपटीच्या फटकाऱ्याने त्यांच्यावर पाणी उडवतो आणि लगेच दूर सरतो. साधारण दोन-तीन दिवसांत पिल्ले बाहेर पडून थेट पाण्यात पडतात. पाण्यातील अंडी खाणाऱ्या माशांपासून बचाव, हे या धडपडीमागचे प्रमुख कारण मानले जाते.