गाडी टो झाली? आधी सोडवा, मग भांडा

गणपती आणि दिवाळीत माझ्याकडे येणाऱ्या पत्रांचा विषय ठरलेला असतो. अपार्टमेंटमध्ये आरतीला पंचवीस गाड्या आणि गेस्ट पार्किंगच्या जागा सहा! खालचे प्रश्न बहुतेक कॅलिफोर्नियातले आहेत. तिथे खासगी जागेतून गाडी उचलण्याचे नियम राज्याच्या व्हेइकल कोडच्या कलम २२६५८ मध्ये आहेत. हा आकडा पाठ करा. टो कंपनीच्या यार्डच्या, म्हणजे उचललेल्या गाड्या ठेवतात त्या आवाराच्या, खिडकीवर तो उच्चारला की समोरच्याचा सूर बदलतो.

प्रश्न : सनीवेलला मित्राकडे आरतीला गेलो होतो. रात्री साडेदहाला खाली आलो तर गाडी गायब. गेस्ट परमिट लावायचं राहिलं होतं, हे खरं. पण यार्डवाले अव्वाच्या सव्वा मागतायत. पैसे न भरता भांडावं का?

नाही. पैसे भरा आणि गाडी घरी आणा. तत्त्वासाठी गाडी यार्डात ठेवली तर भाडं रोज चढतं, आणि पुढे कंपनी ती विकून पैसे वसूल करायच्या मार्गाला लागू शकते. चोवीस तासांच्या आत सोडवलीत तर एकाच दिवसाचं भाडं लावता येतं. रोखच द्या असं म्हणता येत नाही, तुमच्या नावाचं क्रेडिट कार्ड त्यांना घ्यावंच लागतं. पावतीवर 'निषेध नोंदवून रक्कम भरली' असं इंग्रजीत लिहा.

पैसे देण्याआधी मात्र दोन गोष्टी मागा. उचलण्याआधी काढलेला, नियमभंग दिसेल असा फोटो, आणि जागेच्या मालकाने दिलेल्या लेखी परवानगीची प्रत. परवानगीची प्रत पैसे घेण्याआधी देणं बंधनकारक आहे. फोटो फुकट देणं मात्र गाडी सरसकट परवानगीवर (ती काय ते खाली आहे) उचलली असेल तरच बंधनकारक. त्या मूळ परवानगीवर सही करणाऱ्याचं नाव, हुद्दा, गाडी प्रथम कधी दिसली आणि परवानगी किती वाजता दिली, हे सगळं हवं. मालक किंवा त्याचा माणूस गाडी उचलताना तिथे हजर असायला हवा, आणि नियमभंग त्याने स्वतः पाहिलेला हवा.

तुमचं प्रकरण इथेच उभं राहतं किंवा पडतं. कॉम्प्लेक्सचं लीजिंग ऑफिस (घरं भाड्याने देणारं कार्यालय) संध्याकाळी बंद झालं असेल, तर रात्री साडेदहाला सही कोणी केली? काही टो कंपन्यांचे ट्रक रात्री कॉम्प्लेक्समधून घिरट्या घालत सावज शोधतात आणि आधीच सह्या करून ठेवलेल्या कागदांचं पॅड जवळ बाळगतात. हे चालत नाही. सरसकट परवानगीवर उचलता येतात त्या फक्त फायर लेनमधल्या (अग्निशमन बंबांसाठी मोकळ्या ठेवलेल्या वाटेतल्या), हायड्रंटपासून (बंबांना पाणी देणाऱ्या नळापासून) पंधरा फुटांच्या आतल्या किंवा येण्याजाण्याची वाट अडवणाऱ्या गाड्या. परमिट नसणं त्यात बसत नाही. वेळेवर सही झालेली नव्हती हे दाखवता आलं, तर टो आणि साठवणीच्या रकमेच्या चौपट मागण्याचा तुम्हाला हक्क आहे. परमिट लावलं नव्हतं म्हणून हा हक्क जात नाही.

प्रश्न : आमच्या दोनशे घरांच्या कॉम्प्लेक्समध्ये शेजाऱ्याच्या राखीव जागेत चुकून गाडी लावली. त्याने थेट टो कंपनीला फोन केला. भाडेकरूला असा अधिकार असतो?

इतक्या मोठ्या कॉम्प्लेक्समध्ये नाही. भाडेकरूच्या सहीवर गाडी नेण्याची सवलत पंधरा किंवा त्याहून कमी भाड्याची घरं असलेल्या आणि मालक वा त्याचा माणूस जागेवर नसलेल्या इमारतींनाच आहे. तुमच्याकडे मॅनेजरची सही लागते. शेजाऱ्याची माफी मागा, ती वेगळी गोष्ट.

प्रश्न : 'गाडी उचलली जाईल' असा बोर्ड होता म्हणे, पण झाडामागे.

बोर्ड प्रत्येक प्रवेशाशी, सहज दिसेल असा हवा. किमान १७ बाय २२ इंच, अक्षरं निदान एक इंच उंच. त्यावर स्थानिक वाहतूक पोलिसांचा फोन आणि टो कंपनीचं नाव-नंबर हवेत. त्याच रात्री टेप धरून, प्रत्येक गेटवर फोटो काढा. दुसऱ्या दिवशी फांद्या छाटलेल्या सापडतात.

प्रश्न : फ्रीमाँटच्या एका प्लाझात किराणा घ्यायला गेले. दुकानातून शेजारच्या बँकेत डोकावले, जेमतेम चाळीस मिनिटं झाली असतील. परत आले तर गाडी ट्रकला लावलेली, पण अजून प्लाझातच होती. ड्रायव्हरने पूर्ण पैसे घेतल्याशिवाय सोडली नाही.

ताई, तुमची बाजू भक्कम आहे. गाडी जागेच्या बाहेर पडून रस्त्याला लागेपर्यंत तिचा ताबा टो कंपनीकडे जातच नाही. मालक आला की ती तिथल्या तिथे, बिनशर्त सोडायची असते. न सोडणं हा गुन्हा आहे. गाडी ट्रकला जोडलेली असेल तर फार तर नेहमीच्या टो-दराच्या निम्मे पैसे घेता येतात, तेही नंतर बिल पाठवून. गाडी अडवून नव्हे. अशा वेळी ड्रायव्हरशी हुज्जत घालू नका. व्हिडिओ सुरू करा आणि पोलिसांना फोन करा.

शिवाय लोकांना फुकट पार्किंगसाठी खुल्या असलेल्या खासगी जागेतून गाडी लावल्यापासून तासाभरात ती उचलता येत नाही, हे वेगळ्या कलमात, २२९५३ मध्ये आहे. अपंगांच्या जागा, फायर लेन, हायड्रंट हे अपवाद, आणि निवासी पार्किंगला हा नियम लागू नाही. दुकानाच्या पावतीवरची वेळ जपून ठेवा.

प्रश्न : मी एच-वन-बीवर, म्हणजे अमेरिकेतल्या नोकरीच्या व्हिसावर आहे. कोर्टात गेलो तर व्हिसाला बाधा येईल का? वकिलाचा खर्च परवडेल का?

स्मॉल क्लेम्स कोर्टातला, म्हणजे छोट्या रकमांच्या वादांसाठीच्या कोर्टातला दावा दिवाणी असतो. तिथे तुम्ही पैसे परत मागणारे असता, आरोपी नव्हे. त्याने व्हिसाचे नियम मोडत नाहीत. वकील तिथे उभा राहूच शकत नाही, कंपनीचाही नाही. व्यक्तीला १२,५०० डॉलरपर्यंत मागता येतात आणि दाव्याच्या रकमेनुसार फी ३० ते ७५ डॉलर. दुभाषाही मागता येतो.

आधी कंपनीला आणि जागेच्या मालकाला पत्र पाठवून पैसे मागा, कोर्ट ते विचारतं. पत्रात भावना नकोत. तारीख, वेळ, कलम, रक्कम, उत्तरासाठी मुदत, बस्स. अनेकदा प्रकरण इथेच मिटतं. दर अवाजवी वाटत असेल तर स्थानिक पोलीस किंवा हायवे पेट्रोलने (राज्याच्या महामार्ग पोलिसांनी) टो कंपन्यांशी ठरवलेले दर मिळवा आणि शेजारी ठेवा. त्यापेक्षा जास्त घेतलं असेल तर तिथेही चौपटीची तरतूद आहे. एक काटा लक्षात ठेवा : दावा लावणारा हरला तर त्याला अपील नाही, प्रतिवादीला आहे. म्हणून कागद अर्धवट असताना घाई करू नका. बँकेला सांगून कार्डाचे पैसे परत घेण्याचा मार्ग काही जण सुचवतात. मला तो भरवशाचा वाटत नाही, टो कंपनी सहीचा कागद दाखवते आणि बँक पुढचं पाहत नाही.

प्रश्न : आई-वडिलांकडे पुण्याला गेलो असताना सोसायटीने माझ्या गाडीला जॅमर लावला आणि ५०० रुपये घेतले. तिथे काय?

तिथली चौकट वेगळी. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १२७ खाली जॅमर लावणं किंवा गाडी उचलणं हे गणवेशातल्या पोलीस अधिकाऱ्याच्या अधिकारात येतं, आणि तेही सार्वजनिक ठिकाणापुरतं. सोसायटीच्या आवारात कमिटीला हा अधिकार त्या कलमातून मिळत नाही. तिने दंड घेतला असेल तर त्यामागे उपविधी आणि सर्वसाधारण सभेचा ठराव दाखवायला हवा. तुम्ही सभासद नाही, म्हणून ठरावाची प्रत वडिलांनी सचिवांकडे लेखी मागावी आणि पोच घ्यावी. प्रत मिळाली नाही तर सहकारी संस्थांच्या उपनिबंधकाकडे तक्रार, आणि वाद चिघळलाच तर सहकार न्यायालय. पाचशे रुपयांसाठी तिथवर जायचं की नाही हे वडिलांना ठरवू द्या. त्या कमिटीबरोबर वर्षभर राहायचं आहे ते त्यांना.