आत पाहताना देवाकडे पाठ फिरते का?

ध्यान, आत्मपरीक्षण आणि ख्रिस्ती विश्वास यांविषयी वाचकांनी विचारलेल्या काही प्रश्नांची उत्तरे या वेळी देत आहोत.

प्रश्न : मी रोज सकाळी वीस मिनिटे डोळे मिटून बसतो. आधी श्वासाकडे, मग मनात येणाऱ्या विचारांकडे पाहतो. प्रार्थनागटातल्या एका बंधूंचे म्हणणे असे की मन रिकामे केले की दुष्टात्म्याला वाट मिळते. त्यांनी मत्तयाच्या बाराव्या अध्यायाचा दाखला दिला. मी हे बंद करावे का?

बंद करू नका. मात्र आज तुम्ही जिथे थांबता, त्याच्या पुढे जा.

आधी तो दाखला पाहू. मत्तय 12:43-45 मध्ये माणसातून निघालेला अशुद्ध आत्मा परत येतो. घर रिकामे, झाडलेले आणि सजवलेले पाहून तो आपल्याहून वाईट असे सात सोबती घेऊन तिथे मुक्काम करतो. येशू हे बोलला ते चिन्ह मागायला आलेल्या शास्त्री-परुशी या यहुदी धर्मपुढाऱ्यांसमोर, आणि या दुष्ट पिढीचेही असेच होईल, असे सांगून त्याने रोख कोणावर आहे हेही स्पष्ट केले. स्वच्छ केलेल्या घरात त्यांनी देवाला घेतले नाही, हा त्यांचा दोष. शांत बसून श्वास पाहणाऱ्या माणसाबद्दल हा उतारा काहीच सांगत नाही. त्यामुळे तुमच्या बंधूंची भीती आम्हाला अवाजवी वाटते. पण घर झाडून झाल्यावर आत कोण राहणार, हा प्रश्न त्यातून उरतोच आणि तो तुमच्यासाठी कळीचा आहे.

आत पाहणे शास्त्राला परके नाही. अंथरुणावर पडल्या पडल्या आपल्या मनाशी बोला आणि स्तब्ध राहा, असे चौथे स्तोत्र सांगते. आपले मार्ग तपासून पाहू आणि परमेश्वराकडे वळू, असे विलापगीत 3:40 म्हणते. प्रभुभोजनाला येण्याआधी प्रत्येकाने स्वतःची परीक्षा करावी, ही प्रेषित पौलाची आज्ञा आहे (1 करिंथ 11:28). पण ही तपासणी माणूस एकट्याने करत नाही. यिर्मया 17:9 मध्ये हृदय सर्वांत कपटी आहे, त्याचा भेद कोणाला कळेल, असा प्रश्न येतो आणि लगेच पुढच्या वचनात परमेश्वर उत्तर देतो : मी हृदय चाळून पाहतो. एकशे एकोणचाळिसावे स्तोत्र तर ‘तू मला पारखले आहेस’ असे म्हणत सुरू होते आणि ‘मला पारख’ या विनंतीकडे येऊन संपते. ख्रिस्ती माणूस आत पाहतो तेव्हा तिथे पाहणारे दोघे असतात आणि त्यातला दुसरा आपल्याहून नीट पाहतो.

म्हणून तुमची वीस मिनिटे अशी वापरून पाहा. पहिली दोन मिनिटे फक्त ‘प्रभू, मी तुझ्यासमोर आहे’ एवढे म्हणून बसा. पुढची चार-पाच मिनिटे श्वास पाहा. हे निव्वळ स्थिर होण्यासाठी आहे आणि त्यात धर्माविरुद्ध काही नाही. मग दहा मिनिटे जे विचार येतील ते एकेक करून प्रभूपुढे मांडा. समजा, कालच्या बैठकीत सहकाऱ्याचे कौतुक झाले ते आठवून छातीत काहीतरी आवळले. नुसते साक्षीभावाने पाहायचे तर ‘हा मत्सर’ अशी नोंद होते आणि तो ओसरतो. तुम्ही एक पायरी पुढे जा. मला नेमके काय हवे होते? कौतुक की न्याय? ते मिळाले नाही तर कशाची भीती वाटते? आणि हे सगळे त्याला ‘तू’ म्हणून सांगा. उरलेली मिनिटे बोलण्यासाठी किंवा गप्प बसण्यासाठी ठेवा.

विचारांवर अशी नजर ठेवण्याची परंपरा फार जुनी आहे. इजिप्तच्या वाळवंटात राहणारा आणि 399 मध्ये वारलेला तपस्वी इव्हाग्रियस साधूंना सांगे की कोणता विचार कधी येतो, कोणत्या विचारामागून कोणता येतो, कोणता तीव्र आहे आणि कोणता मंद, हे टिपा. त्याने असे विचार आठ प्रकारांत लावले : खादाडपणा, कामवासना, द्रव्यलोभ, खिन्नता, क्रोध, साधनेचा कंटाळा, पोकळ मोठेपणा आणि गर्व. प्रत्येकाला उत्तर म्हणून म्हणायची शास्त्रवचनेही त्याने गोळा केली होती.

खरा विरोध येतो तो ध्यानामागच्या शिकवणीत. ‘मी’ नावाचे मुळात काही नाही, किंवा माझा आत्मा हाच परमेश्वर, किंवा मुक्ती फक्त माझ्या साधनेने मिळते, असे जिथे शिकवले जाते तिथे ख्रिस्ती विश्वासाची वाट वेगळी होते. त्या परंपरांचा आदर ठेवूनच हे सांगावे लागते, कारण फरक झाकला तर दोन्हींवर अन्याय होतो. ख्रिस्ती माणूस निर्माणकर्त्यापुढे बसलेला, त्याने निर्मिलेला जीव असतो आणि त्याला वाचवते ती कृपा. कॅथलिक मंडळीची शिकवण सांभाळणाऱ्या, रोमच्या विश्वास-सिद्धांत मंडळाने 15 ऑक्टोबर 1989 रोजी याच विषयावर पत्र काढले होते. त्यात झेन, योग यांसारख्या पद्धती केवळ ख्रिस्ती नाहीत म्हणून झटकून टाकू नयेत, असे म्हटले आहे. त्यातले उपयोगी ते घ्यावे, पण ख्रिस्ती प्रार्थनेचे स्वरूप आणि हेतू हरवू देऊ नये, अशी अटही घातली आहे.

प्रश्न : रात्री आत्मपरीक्षण करायचे म्हणते, पण पाच मिनिटांत झोप येते किंवा दिवसभराची यादी होते. नेमके करायचे कसे?

आधी जागा बदला. अंथरुणावर बसून करू नका. जेवणानंतर आणि झोपायच्या आधी, खुर्चीवर, दहा ते पंधरा मिनिटे.

जेझुइट संघाचा संस्थापक, लोयोलाचा संत इग्नेशियस याची पद्धत पाच टप्प्यांची आहे. पहिला टप्पा आभाराचा. तो घाईने उरकला जातो आणि सगळे बिघडते ते इथेच. ‘सर्व आशीर्वादांबद्दल धन्यवाद’ असे मोघम म्हणू नका. कोणी फोन केला, कोणते काम अडता अडता झाले, अशा दोन-तीन ठोस गोष्टी घ्या आणि त्यावर तीन मिनिटे थांबा. आभारांशिवाय सुरुवात केली तर पुढची तपासणी फौजदारी चौकशीसारखी होते. दुसऱ्या टप्प्यात प्रकाश मागा : मला जे दिसत नाही ते तू दाखव. तिसऱ्यात उठल्यापासून आतापर्यंतचा दिवस तासातासाने, विचार, शब्द आणि कृती या क्रमाने पाहा. चौथ्यात क्षमा मागा. पाचव्यात देवाच्या कृपेने उद्या काय सुधारायचे ते ठरवा आणि प्रभूची प्रार्थना म्हणून उठा.

यादी होते ती तिसऱ्या टप्प्यात. सगळा दिवस सारख्याच बारकाईने पाहायला गेलात तर हाती फक्त घटना लागतात. दिवसावरून एकदा भरभर नजर फिरवा आणि जिथे मन जड झाले किंवा हलके झाले अशा एक-दोन जागीच थांबा. पाचव्या टप्प्यात ‘यापुढे रागावणार नाही’ असले संकल्प टिकत नाहीत. ‘उद्या संध्याकाळी मुलगा बोलत असताना मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवीन’ असा संकल्प दुसऱ्या रात्री तपासता येतो.

एखादी खोड फारच चिवट असेल तर इग्नेशियसने तिच्यासाठी वेगळा उपाय दिला आहे. सकाळी उठताच ती एकच खोड लक्षात घ्यायची. दुपारी आणि रात्री हिशेब करायचा. वहीत आठवड्याच्या प्रत्येक दिवसासाठी दोन रेघा आखायच्या, वरची दुपारपर्यंतची, खालची रात्रीपर्यंतची, आणि जितक्या वेळा घसरलो तितके ठिपके त्या रेघेवर द्यायचे. घसरल्याच्या क्षणी छातीवर हात ठेवायचा. चारचौघांतही ते कोणाच्या ध्यानात येत नाही, असे तो मुद्दाम सांगतो. मग खालची रेघ वरच्या रेघेशी, आजचा दिवस कालच्याशी आणि हा आठवडा मागच्याशी ताडून पाहायचा. एका वेळी दोन खोडी घेऊ नका. आणि तुमचा स्वभाव आधीच स्वतःला टोचणारा असेल तर ही ठिपक्यांची वही तुमच्यासाठी नाही. पुढचे उत्तर वाचा.

प्रश्न : आत पाहिले की मला फक्त पापच दिसते. कबूल केलेले पाप पुन्हा कबूल करते, तरी समाधान नाही. देवाला माझे परीक्षण अपुरे वाटत असेल का?

नाही. तुम्हाला आणखी परीक्षणाची नव्हे, कमी परीक्षणाची गरज आहे. तुमच्या पत्राची आम्हाला सर्वांत जास्त काळजी वाटली, कारण प्रामाणिक माणसांनाच हे दुखणे जडते. स्पेनमधल्या मानरेसा गावी राहत असताना इग्नेशियसही यातून गेला होता. आधीच सविस्तर कबूल केलेली पापे त्याला पुन्हा पुन्हा छळत. पुढे त्याने यावर खास टिपणे लिहिली. त्यात तो म्हणतो की नाजूक मनाला शत्रू, म्हणजे सैतान, आणखी नाजूक करत नेतो, जिथे पाप नाही तिथेही पाप दाखवतो. अशा माणसाने उलट दिशेने जाऊन मधल्या जागी पाय रोवावा.

रोज करायचे ते असे. तपासणीला दोनच मिनिटे, घड्याळ लावून. आभाराला आठ. एकदा कबूल केलेले पाप पुन्हा कबूल करायचे नाही, ‘नीट सांगितले होते का’ अशी शंका आली तरीही. कबुली किंवा सल्ला एकाच फादरांकडे अथवा पाळकांकडे घ्या आणि त्यांनी ‘हे पाप नाही’ म्हटले की तो प्रश्न तिथे मिटला; दुसऱ्याकडे खात्री करायला जाऊ नका. खात्री मागितली की घडीभर बरे वाटते आणि शंका दुप्पट जोराने परत येते, म्हणून हा नियम सर्वांत कठीण आणि सर्वांत उपयोगी आहे.

स्पेनमधली जोगीण, अविलाची संत तेरेजा हिने 1577 मध्ये आत्म्याच्या सात दालनांविषयी लिहिताना स्वतःची ओळख आवश्यकच आहे असे ठासून सांगितले. पण मधमाशी पोळ्यात काम करते तशी फुलांवरही जाते. तसे आत्म्याने स्वतःतून बाहेर पडून देवाचा मोठेपणा पाहायला जावे, असेही ती म्हणते. देवाला ओळखल्याशिवाय आपण स्वतःला पुरते ओळखू शकत नाही, हे तिचे म्हणणे. म्हणून परीक्षणाच्या जागी काही महिने शुभवर्तमानातला एक प्रसंग घ्या आणि त्यात येशू काय करतो तेवढेच पाहा.

या शंकांत रोज तास-तास जात असेल, हात पुन्हा पुन्हा धुणे किंवा कुलूप तपासणे असेही सोबत असेल, झोप उडाली असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. हा आजार असू शकतो आणि त्याला उपचार आहेत. ते घेणे म्हणजे विश्वास कमी पडणे नव्हे.

प्रश्न : ध्यानवर्गात एका देवतेच्या नावाचा मंत्र देतात. तो म्हणावा का? आणि येशूचे नाव तसेच जपले तर ती मत्तय 6:7 मधली व्यर्थ बडबड होत नाही का?

देवतेच्या नावाचा मंत्र म्हणू नका. ज्यांच्यासाठी तो आहे त्यांच्या दृष्टीने ती उपासनाच आहे आणि ‘नुसता ध्वनी’ म्हणून तो वापरणे त्यांच्यावरही अन्यायाचे. मनातली अडचण शिक्षकांना नम्रपणे सांगा.

व्यर्थ बडबड म्हणजे फार शब्दांनी देव ऐकेल अशी समजूत. येशूने अटकेच्या रात्री गेथशेमानी बागेत तिसऱ्यांदाही तेच शब्द म्हणत प्रार्थना केली (मत्तय 26:44) आणि 136 व्या स्तोत्राच्या सव्वीसही वचनांत एकच पालुपद आहे. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स मंडळीत ‘प्रभू येशू ख्रिस्ता, देवाच्या पुत्रा, मज पाप्यावर दया कर’ ही प्रार्थना शतकानुशतके चालत आली आहे. तिचे मूळ शुभवर्तमानातल्या आंधळ्या बार्तीमयाच्या हाकेत आणि जकातदाराच्या प्रार्थनेत आहे. पहिला अर्धा भाग श्वास घेताना, दुसरा सोडताना म्हणतात. मोजायला बहुधा शंभर गाठींची लोकरी दोरी असते. पंधरा मिनिटे पुरे. श्वास ओढूनताणून लांबवू नका किंवा रोखू नका. गरगरते, छाती भरून येते आणि माणूस त्यालाच आध्यात्मिक अनुभव समजतो. श्वासाचे कठीण प्रकार मार्गदर्शकाशिवाय करू नयेत, असे त्या परंपरेतले गुरूही बजावतात.

प्रश्न : आम्ही प्रोटेस्टंट. हे सगळे कॅथलिक वाटते.

मग प्रोटेस्टंट सुधारणेचा आरंभ करणाऱ्या मार्टिन ल्यूथरकडे या. त्याने 1535 मध्ये आपल्या न्हाव्याला प्रार्थना कशी करावी हे लिहून दिले. दहा आज्ञांतली एकेक आज्ञा घ्यावी आणि तिच्यावर चार प्रकारे विचार करावा : ही मला काय शिकवते, हिच्याबद्दल आभार कशाचे मानू, हिच्या उजेडात कबुली कशाची देऊ आणि हिच्यावरून काय मागू. तिसरा प्रश्न म्हणजे आत्मपरीक्षणच, फक्त वचनाला धरून. एका बैठकीला एक आज्ञा पुरते. मध्येच चांगले विचार वाहू लागले तर ठरलेली प्रार्थना बाजूला ठेवून गप्प ऐका, कारण तिथे पवित्र आत्माच उपदेश करत असतो, असेही तो सांगतो.

प्रश्न : कधी ध्यानात खोल शांती वाटते, कधी महिनाभर काहीच नाही. पवित्र आत्मा कधी असतो आणि कधी नसतो हे कसे ओळखावे?

त्या घटकेच्या भावनेवरून ओळखू नका. शांत बसले, श्वास संथ झाला की शरीर सैलावते, ऊब वाटते. हे कोणालाही होते, विश्वास असो वा नसो. 1989 च्या त्या पत्रातही अशा सुखद संवेदनांना पवित्र आत्म्याचे सांत्वन समजू नये, असा इशारा आहे. गलतीकरांस 5:22-23 मधली फळे पाहा आणि तीही घरातल्यांना दिसतात का ते पाहा : सहनशीलता वाढली का, बोलणे मऊ झाले का. यासाठी आठवडे, महिने लागतात.

कोरड्या दिवसांसाठी इग्नेशियसचे दोन नियम उपयोगी आहेत. अशा काळात आधी केलेला निर्णय बदलायचा नाही. वर्ग सोडणे, मंडळी बदलणे, प्रार्थनेची वेळ रद्द करणे, सगळे पुढे ढकला. आणि ठरलेल्या वेळेआधी उठावेसे वाटले तर वेळ पूर्ण करून थोडे अधिक बसायचे. वीस मिनिटे ठरली असतील तर बावीस.