निम्म्या वेगाचे व्हिडिओ बघून पियानो शिकता येतो का?

तुम्ही लिहिलंय की ६१ पट्ट्यांचा कीबोर्ड घेऊन चार महिने झाले, निम्म्या वेगाचे व्हिडिओ लावून बेथोव्हेनच्या 'फ्यूर एलिझ' या पियानोच्या धूनचं पहिलं पान बसवलं, पण दोन दिवस हात लागला नाही की सगळं पुसलं जातं आणि व्हिडिओशिवाय पुढचं बोट पडत नाही. मग असं शिकण्यात अर्थ आहे का, की सरळ क्लास लावावा?

मी याच वाटेने गेलोय आणि याच खड्ड्यात पडलोय. तीन महिने रोज रात्री हेडफोन लावून हेच पान घोटलं. मग गणपतीला दहा दिवस गावी गेलो. परत येऊन बसलो तर पहिल्या नऊ सुरांनंतर पाटी कोरी. गंमत म्हणजे चाल विसरलो नव्हतो, गुणगुणता येत होती. विसरलो होतो ते पडद्यावरचं चित्र. निळा ठोकळा कुठे पडला, हिरवा कुठे, एवढंच काय ते मी पाठ केलेलं होतं.

वरून रंगीत ठोकळे पडतात त्या व्हिडिओंत कुठली पट्टी दाबायची ते कळतं, कुठल्या बोटाने ते कळत नाही. आणि वेग निम्मा असला की चुकीचं बोटही चालून जातं. हे मला फार उशिरा समजलं.

माझंच उदाहरण देतो. मी मूळचा पेटीवाला, भजनात वाजवायचो. 'फ्यूर एलिझ' सुरू होतं पांढरी तीन आणि काळी दोन आलटून पालटून (पेटीच्या मोजणीने: दोन काळ्यांच्या जोडीच्या लगेच डावीकडची ती पांढरी एक, आणि त्या जोडीतल्या काळी एक आणि काळी दोन). मी सवयीने मधलं बोट आणि तर्जनी घातली. करंगळी पेटीवरही नुसती शोभेलाच असायची. पुढे पांढरी सात आली की अख्खा हात डावीकडे उचलून न्यायचो. निम्म्या वेगात त्यासाठी भरपूर वेळ मिळतो, म्हणून खटकलंच नाही. वेग पाऊणपट केला आणि नेमका तिथेच अडखळलो. महिनाभर 'सराव कमी पडतोय' म्हणत तीच चूक पक्की करत राहिलो.

शेवटी एका शिक्षिकेकडे तासभर गेलो. त्यांनी फक्त एवढं केलं: अंगठा पांढरी सहावर ठेवला आणि बाकीची बोटं ओळीने पुढे. करंगळी आपोआप पांढरी तीनवर येते. आता अंगठा १ ते करंगळी ५ असे आकडे धरले तर पहिले नऊ सूर ५ ४ ५ ४ ५ २ ४ ३ १ असे पडतात. हात जागचा हलतच नाही! अनामिका तेवढी एकदा काळीवर, एकदा पांढरीवर. तीन महिन्यांत जे झालं नाही ते पाच मिनिटांत झालं, आणि मला स्वतःचा थोडा रागही आला.

म्हणून पहिलं काम: ठोकळ्यांचे व्हिडिओ सोडा आणि वरून दोन्ही हात दिसतात असे शोधा. वेग कमी करा तो बोटं बघायला. कागदावर आकडे लिहून काढा आणि वाजवताना मोठ्याने म्हणा. घरचे हसतील, हसू द्या.

दुसरं म्हणजे व्हिडिओ चालू ठेवून सोबत वाजवू नका. दोन बार (म्हणजे तालाची दोन आवर्तनं) बघा, थांबवा, पडदा पालथा घाला, मग वाजवा. अडलं तरी लगेच बघू नका, आधी आठवून बघा. हे कंटाळवाणं आहे, पण विसरायला होतं ते मुळात आठवण्याचा सराव नसल्यामुळे. लॅपटॉपवर डावा बाण दाबला की यूट्यूब पाच सेकंद मागे जातं, माझ्या त्या बटणावरचा बाण पार पुसला गेलाय. आणि तुकडे शेवटाकडून बसवा. सुरुवात आपण रोज शंभरदा वाजवतो, शेवट कच्चा राहतो.

डावा हात वेगळा आणि आधी बसवा. पेटी वाजवली असेल तर हा हात आयुष्यभर भात्यावर होता हे लक्षात ठेवा, त्याला काहीच येत नसतं. पहिल्या नऊ सुरांतला शेवटचा पडतो तिथे डाव्याचे तीन सूर येतात, पांढरी सहा, तीन आणि वरची सहा, ५ २ १ या बोटांनी. मग उजव्याचे तीन. मला तर तो सरळ दादरा वाटला, सहा मात्रा, तीन-तीन. शिक्षिका म्हणाल्या, ऐकायला तसं वाटतं, पण मोजायचं दोन-दोन-दोन. दोन्ही हात एकत्र आणताना या मोजण्याचा फार उपयोग झाला.

खरं सांगायचं तर या पद्धतीने शिकायला 'फ्यूर एलिझ' ही फारशी बरी निवड नाही. कानात इतकी मुरलेली असते की आपण मोजत नाही, अंदाजाने पुढे जातो. (तैवानमध्ये कचऱ्याच्या गाड्या हीच धून वाजवत येतात. आपल्या घंटागाडीवाल्यांना कुणी सांगू नका.) मधे ती पांढरी तीन-काळी दोनची जोडी लांबत जाते, तिथे किती वेळा ते न मोजता व्हिडिओवर विसंबलेला प्रत्येक जण हरवतो.

त्यापेक्षा जर्मन संगीतकार बाखचा सी मेजरमधला (पांढरी एकचा) प्रिल्यूड, म्हणजे छोटी सुरुवातीची रचना, घ्या, त्याच्या १७२२च्या संग्रहातला पहिला. एकूण ३५ बार. शेवटचे तीन सोडले तर प्रत्येक बारमध्ये फक्त पाच सूर: डाव्याचे दोन, उजव्याचे तीन, आणि उजव्याचे तीन पुन्हा. हे आठ झाले की तेच आठ परत. म्हणजे व्हिडिओ प्रत्येक बारला एकदाच थांबवायचा, पाचही पट्ट्या एकदम दाबून हाताचा आकार बघायचा आणि मग सुटे वाजवायचे. मला रोज दोन बार जमले. शेवटाला लागणारा सर्वांत खालचा सूर म्हणजे ६१वाल्या कीबोर्डची अगदी डावीकडची पट्टी, त्यामुळे तुमच्याकडे तो पूर्ण बसतो.

आवाजाचंही एक सांगतो. व्हिडिओ निम्म्या वेगाने लावला की सूर उंच-खाली होत नाहीत, पण प्रत्येक सुराचा विरत जाण्याचा वेळ दुप्पट ताणला जातो. आपण तसंच संथ वाजवलं की आपला सूर लवकर मरतो आणि वाजवणं कोरडं वाटतं. त्यात तुमचा दोष नाही. दिवसातून एकदा तरी मूळ वेगात, नुसतं ऐका.

क्लासचं म्हणाल तर दर आठवड्याचा लगेच लावू नका. महिन्यातून एकदा कुणाला तरी बोटं दाखवून या. आणि पेडल, म्हणजे सूर लांबवायला पायाने दाबायची पट्टी, व्हिडिओत दिसत नाही, पण त्या गोड आवाजात त्याचाही मोठा वाटा असतो. कीबोर्डच्या मागे 'सस्टेन' लिहिलेली खाच आहे का ते आज बघून घ्या. असेल तर पुढच्या वेळी दुकानात गेलात की साधं पेडल घेऊन या.