मुलीला गाणं शिकवायचंय, सांगलीत शिक्षक निवडताना काय पाहावं?

मुलगी आठ वर्षांची आहे, गाण्याची शिकवणी लावायची आहे. शिक्षकाची पदवी बघावी की शिकवण्याची पद्धत, आणि परीक्षेला कधी बसवावं, असं तुम्ही विचारलंय. मी विश्रामबागला घरीच गाणं शिकवते, म्हणून सविस्तर लिहिते.

माझं गाण्याचं शिक्षण मिरजेत झालं, ग्वाल्हेर घराण्याच्या परंपरेत. ही गायकी महाराष्ट्रात रुजवली बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी. त्यांच्याकडे मिरजेत शिकलेल्या विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. मी विशारद ही संगीताची पदवी घेतली आणि त्यातल्या शास्त्राचा फायदाही झाला. तरी शिकवायला बसल्यावर उपयोगी पडतं ते गुरूंसमोर बसून ऐकलेलं. म्हणून शिक्षकांना पदवीबरोबर हेही विचारा, की कोणाकडे शिकलात आणि अजून रोज रियाज करता का. चांगल्या शिक्षकाला या प्रश्नाचा राग येत नाही.

आता पद्धत. माझ्याकडे नव्या मुलांना सुरुवातीला पेटी मिळत नाही, तानपुरा मिळतो. पालकांना हे पटायला वेळ लागतो, कारण पेटीवर मूल महिन्याभरात एखादं गाणं म्हणून दाखवतं. पण पेटीचे स्वर आधीच ठरलेले असतात. मूल त्यांच्या मागे मागे जातं, स्वतः स्वर शोधत नाही. त्यातही पेटीचा शुद्ध गंधार (सा रे ग मधला ग) तानपुऱ्याशी जुळणाऱ्या गंधारापेक्षा किंचित चढा असतो. तानपुरा चांगला लागला, जवारी (घोडीवर तारेला गुंजन देणारी रचना) नीट असली, की खर्जाच्या, म्हणजे सगळ्यात खालच्या सा च्या तारेतून गंधार आपोआप ऐकू येतो. त्या तारेवर तो कुणी छेडलेला नसतो. मी मुलांना डोळे मिटून तोच शोधायला लावते. काहींना पहिल्याच दिवशी सापडतो, काहींना कित्येक आठवडे लागतात. पण एकदा सापडला की ते मूल बेसूर लागल्यावर स्वतःच थांबतं, मला सांगावं लागत नाही. माझ्या शिकवण्यातलं सगळ्यात मोलाचं काम हेच, असं मला मनापासून वाटतं.

त्यानंतर अलंकार, म्हणजे स्वरांचे पलटे, मग भूप राग. पाचच स्वर, त्यामुळे लहान गळ्याला झेपतो. पट्टी, म्हणजे सा कोणत्या उंचीवर धरायचा ते, मात्र मुलीच्या आवाजाची हवी. दहा जणांना एकाच पट्टीत गायला लावणाऱ्या वर्गात कुणाचा तरी आवाज ओढला जातोच. (मुलगा असेल तर आवाज फुटण्याच्या वयात वरच्या पट्टीचा हट्ट धरणाऱ्या शिक्षकापासून लांब राहा.)

परीक्षा द्यावी, पण घाई नको. वर्षभर फक्त परीक्षेचे राग घोकून प्रारंभिक, प्रवेशिका या सुरुवातीच्या परीक्षा पार केलेली मुलं माझ्याकडे येतात. सरगम पाठ असते, पण तानपुऱ्यात सा लावता येत नाही. सा स्थिर झाला की मी स्वतःच फॉर्म भरायला सांगते.

शिकवणी ठरवण्याआधी एक तास मागे बसून बघा. मूल गात असताना शिक्षक सतत स्वतः गात असतील किंवा पेटी जोरात वाजवत असतील, तर त्यांना मुलाचा आवाज ऐकूच येत नाही. घरी तानपुरा नसेल तर मोबाइलवरचा चालेल, फक्त छोटा स्पीकर जोडा, कारण मोबाइलमधून खर्ज नीट ऐकू येत नाही. आणि मिरज जवळच आहे. तंतुवाद्यं बनवणाऱ्या कारागिरांकडे मुलीला एकदा घेऊन जा, भोपळ्यापासून तानपुरा कसा होतो ते तिला बघू द्या.