भाडेकरू म्हणतो 'कोर्टात जा', जावं का?

तुमचा प्रश्न: चिपळूणच्या वडिलोपार्जित घरातल्या पुढच्या दोन खोल्या वडिलांनी भाड्याने दिल्या होत्या, आता आईला घेऊन तुम्हाला मुंबईहून तिथे राहायला जायचंय आणि भाडेकरू म्हणतो 'कोर्टात जा'. तर जावं का?

जा. पण मनाची तयारी महिन्यांची नको, वर्षांची ठेवा. रत्नागिरीतल्या माझ्या माहेरच्या घराचा असाच दावा आईबरोबर मी शेवटपर्यंत निभावला. आजही आठवलं की संताप येतो.

तुमची बाजू कायद्यात बसते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम १६ प्रमाणे मालकाची खरीखुरी गरज असेल तर ताबा मागता येतो. भाडं थकलंय एवढ्यावर मात्र विसंबू नका. नोटीस देऊन ९० दिवस थांबायचं, आणि दावा लावल्यावरही समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत त्याने थकबाकी १५ टक्के व्याज आणि खर्चासह कोर्टात भरली, पुढचं भाडंही भरत राहिला, की ते कारणच उरत नाही. आमच्याकडे नेमकं हेच झालं. वर्षानुवर्षं 'पुढच्या महिन्यात देतो' म्हणणाऱ्या माणसाने सगळे पैसे एका दिवसात आणून भरले.

रखडपट्टी समन्सपासूनच सुरू होते. समन्स पोचवणाऱ्या कोर्टाच्या माणसाचा, म्हणजे बेलिफाचा, शेरा आला, 'दार बंद, पक्षकार आढळले नाहीत'. त्याच सकाळी शेजारच्या काकूंनी भाडेकरूला पडवीत बसून आंब्याच्या पेट्या भरताना पाहिलं होतं. मग पुन्हा समन्स, मग दारावर चिकटवून बजावणी. त्यानंतर कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, द्यायला मुदतीचे अर्ज. दादरहून रात्रीची गाडी पकडायची, पहाटे उतरायचं, अकराला कोर्टात उभं राहायचं आणि पाच मिनिटांत पुढची तारीख घेऊन परतायचं. तहकुबीसाठी समोरच्यावर बसणारा खर्च इतका किरकोळ की आमचं गाडीभाडंही त्यातून निघालं नाही.

आपल्या कोकणात आणखी एक हुकमी डाव खेळतात, भाऊबंदकीचा. कैफियतीत लिहितात, 'वादी एकटे मालक नाहीत.' घाबरू नका. इतर हिस्सेदारांची हरकत नसेल तर एक सहहिस्सेदार एकटाही ताब्याचा दावा लावू शकतो, हे सुप्रीम कोर्टाने १९७६ मध्येच सांगितलंय. पण काकांची हरकत खरोखर असली तर प्रकरण चिघळतं. म्हणून गणपतीला सगळे घरी जमतील तेव्हाच काका-आत्यांच्या संमतीपत्रावर सह्या घ्या. वारसनोंद राहिली असेल तर तीही दाव्याआधी करून घ्या. आणि कोर्ट दोघांचीही अडचण तोलतं, तेव्हा भाडेकरूने आसपास कुठे स्वतःचं घर बांधलं असेल तर त्याच्या घरपट्टीचा उतारा मिळवा.

तोवर चिडून वीज-पाणी तोडू नका. कलम २९ प्रमाणे तो गुन्हा आहे आणि तुमचा चांगला दावा त्यात नासतो.

निकाल तुमच्या बाजूने लागला तरी ३० दिवसांत जिल्हा न्यायालयात अपील होईल, वर हायकोर्ट आहेच. रत्नागिरी-सिंधुदुर्गाची प्रकरणं ऑगस्ट २०२५ पासून हायकोर्टाच्या कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे जातात. लोक सर्वात जास्त पोळतात ते या अपिलांच्या टप्प्यावर. ताबा देण्याच्या हुकूमनाम्याला स्थगिती मिळते आणि भाडेकरू जुन्याच भाड्यात आणखी वर्षं काढतो. स्थगितीच्या अर्जाच्या वेळीच बाजारभावाप्रमाणे दरमहा भरपाई मागा. आत्मा राम प्रॉपर्टीजच्या २००४ च्या निकालात सुप्रीम कोर्टाने ही अट घालायला परवानगी दिली आहे. आमच्या प्रकरणात ती रक्कम ठरली आणि तडजोडीची भाषा पहिल्यांदा समोरून आली.

ताबा मिळाला की महिन्याच्या आत तिथे राहायला जा, आणि वर्षभर त्या खोल्या कोणालाही भाड्याने देऊ नका. नाहीतर कलम १७ खाली भाडेकरू ताबा परत मागू शकतो.