गणिताच्या पदवीसाठी कर्ज काढावं का?

तुम्ही विचारलंय की गणिताची मनापासून आवड आहे, नावाजलेल्या कॉलेजात प्रवेशही मिळतोय, पण जवळपास सगळी फी कर्जातून भरावी लागेल. मग ते फेडण्याइतकी कमाई या पदवीतून होते का? मी स्वतः कर्ज काढून गणित शिकलो आणि आता विमा क्षेत्रात अ‍ॅक्च्युअरीचं, म्हणजे जोखमीचा गणिती हिशोब मांडायचं, काम करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कमाई होते. पण ‘गणिताच्या पदवीधराचा सरासरी पगार’ म्हणून जो आकडा सगळीकडे दिसतो, त्याच्या भरवशावर सही करू नका. त्यात बँकांसाठी जोखीम मोजणारी मॉडेलं बनवणारे आहेत, सॉफ्टवेअरमध्ये गेलेले आहेत आणि शाळेत शिकवणारेही आहेत. वरच्या टोकाचे मोजके पगार सरासरीला वर खेचतात, हे गणितवाल्याला सांगायला नको. मध्यक बघा, म्हणजे निम्म्या मुलांना ज्याहून कमी मिळतं तो पगार, आणि शक्य असेल तर पहिला चतुर्थक, म्हणजे खालच्या पाव मुलांना जास्तीत जास्त किती मिळतं ते. त्या पगारातून हप्ता जातो का, हा खरा प्रश्न.

दुसरी अडचण काळाची. न्यूयॉर्कची फेडरल रिझर्व्ह बँक (अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचा एक भाग) अमेरिकेतल्या पदवीधरांच्या पगाराचे मध्यक विषयवार प्रसिद्ध करते आणि त्यात २२ ते २७ व ३५ ते ४५ असे दोन वयोगट वेगळे दाखवते. गणितात या दोन आकड्यांमध्ये चांगलंच अंतर असतं. पुढे पगार वाढतो हे खरंच, पण हप्ते भरायचे असतात ते पहिल्या गटात असताना.

आता हिशोब. कर्ज १०० धरा, व्याज १० टक्के, पदवी ३ वर्षांची, रक्कम दरवर्षीच्या सुरुवातीला तीन सारख्या भागांत उचललेली, आणि हप्ते शिक्षण संपल्यावर एका वर्षाने सुरू. पहिल्या भागावर ४ वर्षांचं, दुसऱ्यावर ३ आणि तिसऱ्यावर २ वर्षांचं व्याज चढतं. सरळव्याजानेसुद्धा पहिला हप्ता भरायच्या आधीच १०० चे १३० झालेले असतात. ते १० वर्षांत फेडायचे तर वर्षाला साधारण २०.६ जातात, एकूण २०६. मुदत १५ वर्षांची केली तर वर्षाचा भार १६.८ वर येतो, पण एकूण २५० च्या वर भरावे लागतात. म्हणजे पहिला वार्षिक पगार मूळ कर्जाएवढा असेल, तर त्यातला पाचवा हिस्सा हप्त्यात जाईल. जड आहे, पण पेलवतं. पगार कर्जाच्या निम्मा असेल तर पाचातले दोन भाग जातील, आणि मग घरभाडं देऊन हातात फारसं उरत नाही. माझी मर्यादा सरळ आहे: पहिल्या चतुर्थकातल्या वार्षिक पगारापेक्षा जास्त मूळ कर्ज नको. शिकत असल्यापासून हप्ते सुरू होईपर्यंत व्याज भरत राहणं जमलं तर जरूर भरा, शेवटी एकूण १७-१८ वाचतात.

कर्ज कोणत्या प्रकारचं आहे तेही बघा. इंग्लंडमध्ये ऑगस्ट २०२३ पासून पदवी सुरू करणाऱ्यांच्या सरकारी कर्जात ठरावीक उत्पन्नाच्या वरच्या कमाईचे ९ टक्केच कापले जातात आणि ४० वर्षांनी उरलेलं माफ होतं. तिथे वरचा हिशोब लागू पडत नाही. पगार असो-नसो, ठरलेला हप्ता द्यावाच लागतो अशा कर्जात मात्र तो तंतोतंत लागू पडतो.

पगार कशाने ठरतो? माझ्या अनुभवात, गणिताच्या जोडीला काय घेतलं त्याने. पहिल्या नोकरीच्या मुलाखतीत मला अमूर्त बीजगणितावर एकही प्रश्न आला नाही. समोर दोन तक्ते ठेवले, एकात पॉलिसी, दुसऱ्यात दावे. कोणत्या वयोगटात दावे अपेक्षेपेक्षा जास्त येतात ते शोधायचं होतं. काही पॉलिसींवर दोन-दोन दावे होते, त्यामुळे तक्ते जोडले की तीच पॉलिसी दोनदा मोजली जायची आणि दाव्यांचं प्रमाण चुकायचं. ते ध्यानात येतं का, एवढंच त्यांना बघायचं होतं. प्रत्येक पायरीवर ‘आपण नक्की काय मोजतोय’ हे तपासायची सवय गणिताने लावली होती, पण तक्ते जोडायला प्रोग्रामिंग यावं लागतं. संभाव्यता, संख्याशास्त्र आणि प्रोग्रामिंग पदवीच्या काळातच पक्कं करा. अ‍ॅक्च्युअरीच्या सुरुवातीच्या परीक्षाही शिकत असताना देता येतात. पुढच्या परीक्षांची फी बऱ्याचदा कंपनीच भरते.

कॉलेजच्या नावाबद्दल माझं मत ठाम आहे. गणिताला महागडी प्रयोगशाळा लागत नाही. रेषीय बीजगणित आणि वास्तविक विश्लेषण हे पदवीचे विषय स्वस्त कॉलेजातही तेच असतात. नावाजलेल्या ठिकाणी जास्तीचं मिळतं ते म्हणजे हुशार सोबती आणि दारात येणाऱ्या कंपन्या. म्हणून विभागाला थेट विचारा: गेल्या तीन वर्षांत गणिताची किती मुलं पास झाली, कुठे लागली, किती जण मध्येच सोडून गेले. संपूर्ण कॉलेजचा आकडा दिला तर तो घेऊ नका, त्यात इंजिनिअरिंगवाले मिसळलेले असतात. सोडून जाणाऱ्यांचा आकडा मुद्दाम विचारा, कारण पदवी नाही आणि कर्ज मात्र आहे, याहून वाईट अवस्था नाही.

संशोधनाकडे जायचं असेल तर पदवीचं कर्ज शक्य तितकं लहान ठेवा. अमेरिकेत गणिताच्या पीएचडीला बहुतेक चांगल्या विभागांत फी माफ असते आणि शिकवण्याच्या बदल्यात मानधन मिळतं, पण त्या मानधनातून मोठा हप्ता निघत नाही. मास्टर्सला मात्र सहसा स्वतःच पैसे भरावे लागतात, तेव्हा त्यासाठी दुसरं कर्ज काढायच्या आधी वरचा हिशोब दोन्ही कर्जांची बेरीज धरून पुन्हा मांडा.