दिसायला जुळ्या, तरी सगळी यादी लाल

विनमर्ज या फाइलींची तुलना करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये दोन प्रती ताडताना तुमची स्मरणिकेची फाइल जवळपास सगळी लाल होते आणि डोळ्यांना काडीचा फरक दिसत नाही, हे वाचलं आणि रामबागेतला आमचा एक गणेशोत्सव आठवला. ओळींच्या शेवटाची विंडोज-लिनक्स भानगड (दोन्हींत ओळ संपल्याचं चिन्ह वेगळं असतं) तुम्ही तपासलीच असेल, ती सोडतो.

लाल ओळींत 'दुसऱ्या', 'व्यापाऱ्यांनी', 'वऱ्हाडकर' असले शब्द आहेत का बघा. हा अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो. कुणी ऱ, हलन्त, य असं दाबतं. कुणाच्या कीबोर्डवर साधा र, हलन्त, मग झेडडब्ल्यूजे हे अक्षरं जोडणारं, न दिसणारं चिन्ह आणि मग य पडतो. कागदावर दोन्ही सारखे, संगणकाच्या लेखी वेगळे. युनिकोड नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करण्याची सोय) करून पाहू नका, या दोघांना ते एक मानत नाही.

आमच्या छपाईवाल्याने "फक्त मार्जिन बघितलंय" म्हणत वर्गणीदारांची यादी परत पाठवली. तुलना केली तर तीनशेवर ओळी लाल. दहा-बारा तपासल्या, सगळ्या 'ऱ्या'च्याच. कंटाळून बाकीच्या न बघता मंजूर केल्या. घोडचूक! त्या गर्दीत एका काकांचे ५१०० रुपये १५०० झाले होते. स्थापनेच्या दिवशी काका मंडपात तेच पान उघडून उभे. रात्रभर बसून ५०० प्रतींवर चिठ्ठ्या चिकटवल्या. छपाईवाला आजही म्हणतो, "फाइल तर तुमचीच होती." बिल मात्र पूर्ण घेतलं हो.

तर दोन्ही फाइलींच्या प्रती काढा, मूळ फाइलींना हात लावू नका. नोटपॅड प्लस प्लस या मजकूर संपादकात दोन्हींपैकी नकोसं रूप शोधायच्या चौकटीत आणि हवं ते बदलायच्या चौकटीत टाका, दोन्ही फाइलींतूनच कॉपी करून. हाताने टाइप केलंत तर तुमचा कीबोर्ड त्याचंच रूप देणार. कॉपीत 'ऱ्या'चा काना आला असेल तर तो बॅकस्पेसने उडवा. 'य'चं झालं की 'ह'चंही करा, नाहीतर वऱ्हाडकर लालच राहतील. मग पुन्हा तुलना, आणि उरलेली प्रत्येक ओळ बघायची, अगदी प्रत्येक.

मी हिशेबनीस, सॉफ्टवेअरवाला नाही, तेव्हा याहून सोपी वाट कुणाला माहीत असेलही. पण रकमांचा रकाना मी आता वेगळा काढून जुळवतो आणि बेरीजही ताडून बघतो.

लेखांच्या फाइलीत बहुधा अख्खा परिच्छेद ही एकच ओळ असते. स्वल्पविराम हलला तरी सगळा परिच्छेद लाल होतो. तुलनेपुरतं दर पूर्णविरामानंतर एंटर मारून घ्या.